नळाला बांधलेली तार

इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँड परगण्यात क्रॅगसाइड नावाचा वाडा आहे. त्याचा मालक विल्यम आर्मस्ट्राँग हा तोफा आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेन बनवून गबर झालेला कारखानदार. त्याने आपल्या जमिनीतलं पाणी अडवून टर्बाइन बसवलं, टर्बाइनवर डायनामो फिरवला आणि १८८० च्या अखेरीस न्यूकॅसलच्या जोसेफ स्वानने बनवलेले काचेचे दिवे वाड्यात लावले. ग्रंथालयातल्या दिव्यांची मांडणी मोठी नामी होती. तांब्यावर मीनाकाम केलेल्या फुलदाण्या, त्यांच्या डोक्यावर दिवा. वीज आतल्या तारेने वर चढायची आणि परतीचा प्रवाह फुलदाणीच्या तांब्यातूनच खाली यायचा. खाली पाऱ्याचं छोटं पात्र. फुलदाणी ठेवली की तारेचं टोक त्यात बुडून दिवा लागे, उचलली की विझे. वेगळं बटण नाही. आर्मस्ट्राँगने १८८१ मध्ये ‘द इंजिनिअर’ या नियतकालिकाला पत्र लिहून हे सगळं अभिमानाने कळवलं. याच ग्रंथालयाच्या खालच्या अंगाला वाड्याचं तुर्की पद्धतीचं स्नानगृह होतं. तिथून अंघोळ करून ओल्या अंगाने वर येणाऱ्या पाहुण्याने फुलदाणीला हात लावला तर काय होईल, याचा विचार त्या पत्रात कुठे नाही.

आजचा वायरमन ही रचना ऐकून कपाळावर हात मारेल. पण आर्मस्ट्राँग बेफिकीर नव्हता. त्या काळच्या खासगी डायनामोचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी असे आणि त्याच्या तारांचा जमिनीशी मुद्दाम संबंध ठेवलेला नसे. एका तारेला हात लागला तरी प्रवाहाला माणसातून जमिनीत आणि जमिनीतून परत डायनामोकडे जायची वाट नव्हती. ती वाट पुढच्या पन्नास वर्षांत माणसांनीच तयार केली, तीही सुरक्षिततेसाठी. बाथरूममधल्या अर्थिंगचा इतिहास कळायचा असेल तर ही उलटी वाटणारी गोष्ट आधी समजून घ्यावी लागते.

१८८२ मध्ये लंडनमधल्या टेलिग्राफ इंजिनिअर आणि विद्युत तंत्रज्ञांच्या संस्थेने वायरिंगचे पहिले नियम छापले. त्यांच्या शीर्षकातच विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगीचा उल्लेख होता. आगीचे विमे उतरवणाऱ्या कंपन्या धास्तावल्या होत्या, त्यामुळे तारा किती जाड, जोड कसे, फ्यूज कुठे यावर सगळा भर. माणसाला असलेल्या धोक्याची दखल अगदी शेवटी, मोजक्या शब्दांत घेतलेली. त्या मोजक्या शब्दांत मात्र एक वाक्य काळाच्या पुढचं होतं: एकाच खोलीतल्या कुठल्याही दोन जागांमध्ये २०० व्होल्टपेक्षा जास्त फरक असता कामा नये. जमिनीचा उल्लेख नाही, खोलीतल्या दोन वस्तूंमधल्या फरकाचा आहे. हाच विचार पुरता उमगून बाथरूमच्या भिंतीत उतरायला शंभर वर्षं लागली. योगायोग असा, की त्याच १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. ते लावणारी कंपनी वर्षभरात गुंडाळली गेली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या उजेडात गेलं.

मग वीज वाड्यांतून निघून गावभर पसरली. लांब न्यायची तर दाब हजारो व्होल्टचा हवा आणि घरात शिरताना ट्रान्सफॉर्मरने तो उतरवायला हवा. ट्रान्सफॉर्मरच्या आतलं आवरण फाटलं तर हजारो व्होल्ट थेट घरातल्या दिव्याच्या होल्डरपर्यंत यायचे. त्यावर उपाय निघाला तो असा: घराकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एक तार जमिनीला बांधून टाकायची. वरचा दाब चुकून खाली उतरलाच तर तो जमिनीत जिरेल. अमेरिकेत यावर वीस वर्षं वाद झाला. आगविमा मंडळींचं म्हणणं, तार जमिनीला बांधणं म्हणजे अर्धं शॉर्टसर्किट आधीच करून ठेवणं. अखेर १९१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेने ते सक्तीचं केलं. जगभर कमीअधिक फरकाने हाच मार्ग धरला गेला आणि ही तार, म्हणजे न्यूट्रल, जमिनीला बांधली गेली.

या निर्णयाने घरं वाचली, पण जमीन सर्किटचा भाग झाली. आता दुसऱ्या, म्हणजे फेजच्या, एकाच तारेला हात लागणंही पुरेसं होतं, कारण परतीची वाट पायाखाली तयार होती. कोरड्या लाकडी फरशीवर उभा असलेला माणूस झटका खाऊन सुटे. ओल्या फरशीवरचा, लोखंडी नळ धरलेला किंवा बिडाच्या टबात बसलेला माणूस सुटत नसे. घरातली सगळ्यात चांगली ‘अर्थ’ झालेली खोली म्हणजे बाथरूम, आणि म्हणूनच सगळ्यात धोक्याची.

मग दुसरं अर्थिंग आलं, यंत्राच्या धातूच्या अंगाला बांधायचं. इस्त्री, शेगडी, हीटर यांच्या बॉडीला तार जोडून ती जमिनीत न्यायची. आत फेज सुटून बॉडीला लागला तर प्रवाह त्या तारेने धावतो आणि फ्यूज उडतो. दोन्ही महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनमध्ये घरगुती उपकरणांचा सुळसुळाट झाला. १९२४ च्या आठव्या आवृत्तीत नियमावलीचं नावच बदलून इमारतींच्या विद्युत उपकरणांचे नियम असं झालं. पण तार जमिनीत न्यायची कुठून? प्रत्येक घरामागे खड्डा खणण्यापेक्षा सोपा मार्ग हाताशी होता. रस्त्याखालून मैलोन्‌मैल गेलेली शिशाची आणि लोखंडाची पाण्याची पाइप. तिच्याइतकी उत्तम अर्थ माणसाने कधी मुद्दाम पुरली नसती. वायरमन नळावर एक क्लॅम्प आवळायचा, त्यात तार खोचायची, काम झालं.

याच काळात आपल्या घरातला गोल पिनांचा प्लग जन्मला. १९३४ च्या ब्रिटिश मानकातले ५ आणि १५ अँपिअरचे तीन पिनी प्लग आपण आजही वापरतो. फक्त आकडे ६ आणि १६ झाले. वरची पिन जाड आणि लांब असते, त्याला कारण आहे. प्लग आत जाताना अर्थ सगळ्यात आधी लागावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी. महायुद्ध चालू असतानाच ब्रिटनमध्ये युद्धोत्तर घरांसाठी एक समिती बसली. तिच्यात कॅरोलाइन हॅस्लेट ही एकच बाई होती. १९२४ पासून बायकांमध्ये विजेचा प्रसार करणाऱ्या संस्थेची ती संचालक. लहान मुलांच्या बोटांपासून जिवंत भोकं झाकलेली हवीत, यावर तिने जोर दिला. १९४७ चा चौकोनी पिनांचा प्लग त्या विचारातून आला. त्यात अर्थची पिन आत गेल्याशिवाय बाकीची दोन भोकं उघडतच नाहीत. ब्रिटनने गोल पिना सोडल्या, आपण ठेवल्या. पुढे आपल्याकडच्या गोल भोकांनाही झडपा आल्या, आणि पेनाच्या टोकाने ती झडप उघडून दोन पिनी प्लग घुसवायची कलाही आली. तीही न जमली तर उघड्या तारा भोकात घालून काडेपेटीच्या काडीने पाचर मारायची. अर्थची पिन अशा घरांत शोभेला असते.

मुंबईत १९०५ मध्ये वाडीबंदरच्या केंद्रातून वीज मिळू लागली आणि १९१५ मध्ये टाटांची खोपोलीची जलवीज आली. पण कितीतरी वर्षं ती दिव्यापंख्यापुरतीच होती. अंघोळीचं पाणी चुलीवर, नाहीतर तांब्याच्या बंबात तापे. बंबाने चटका बसे, धुराने डोळे चुरचुरत, पण शॉक बसत नसे. मोरीत वीज शिरली ती आधी बादलीत बुडवायच्या रॉडच्या रूपाने आणि मग गीझरच्या. चाळीत आणि जुन्या सोसायट्यांमध्ये तिची अर्थ बहुधा ब्रिटिश वायरमनच्याच पद्धतीने मिळवली गेली: जीआय पाइपला तार गुंडाळून. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी वीज पुरवठादारावर ग्राहकाच्या जागेत अर्थचं टर्मिनल देण्याची जबाबदारी टाकली. १९६६ मध्ये अर्थिंगचं भारतीय मानक, आय.एस. ३०४३, निघालं. किमान अडीच मीटर लांब पाइप किंवा ६० सेंटिमीटर चौरस पत्रा जमिनीत पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ घालायचं, वरून पाणी सोडायचं. आपल्याकडच्या अर्थिंगच्या खड्ड्याची ही ओळखीची कृती. खड्डा इमारतीच्या आवारात झाला तरी चौथ्या मजल्यावरच्या मोरीपर्यंत त्याची हिरवी तार पोचली की नाही, हे कोण बघणार? नळ जवळ होता.

तिकडे ब्रिटनमध्ये त्याच १९६६ साली, नियमावलीच्या चौदाव्या आवृत्तीने सार्वजनिक पाण्याच्या पाइपवर एकट्याने अर्थची भिस्त ठेवायला मनाई केली. कारण विजेत घडलं नव्हतं, प्लंबिंगमध्ये घडलं होतं. पाणी खातं जुन्या लोखंडी पाइप काढून अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या आणि प्लास्टिकच्या पाइप घालू लागलं होतं. रस्त्यात कुठेतरी पाच मीटर प्लास्टिक घुसलं की गल्लीतल्या सगळ्या घरांची अर्थ एका दुपारी नाहीशी व्हायची. दिवे चालू, पाणी चालू, इस्त्री गरम. कुणाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं.

आपल्याकडे हाच प्रकार पुढच्या काही दशकांत, घरोघरी, आपापल्या खर्चाने घडला. टाइल्स बदलायच्या, कमोड बसवायचा, गंजलेला जीआय काढून पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी घालायचा. प्लंबर चोख काम करतो, गळती थांबते, पाण्याचा दाब सुधारतो. आणि पाइपला गुंडाळलेली ती जुनी तार मलब्याबरोबर गोणीत जाते. एखाद्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावाल्याने आपल्या हद्दीतला उभा पाइप प्लास्टिकचा केला की वरच्या मजल्यांचा लोखंडी पाइप जमिनीपासून तुटू शकतो. मग तिसऱ्या मजल्यावरच्या गीझरमधून वीज गळू लागली की चौथ्या मजल्यावरच्या नळाला झिणझिण्या येतात, आणि चौथ्या मजल्यावरचे लोक आपल्याच घरातला दोष शोधत बसतात.

अर्थ शाबूत असली तरी भागतं का, हा प्रश्न आणखी अवघड. साधा हिशोब करून बघू. गीझरच्या आतली फेजची तार टर्मिनलवरून निसटून टाकीला लागली. आवारातल्या खड्ड्याचा रोध ९ ओहम, ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीचा अडीच ओहम. एकूण साडेअकरा. २३० व्होल्टला साडेअकराने भागलं की प्रवाह येतो २० अँपिअर. गीझरचा एमसीबी बहुधा २० अँपिअरचाच असतो. हा त्याचा नेहमीचा भार, तो पडणार नाही. आणि खड्ड्याच्या ९ ओहमवर २० अँपिअर म्हणजे १८० व्होल्ट. अर्थ केलेली, हिरवी तार लावलेली गीझरची टाकी १८० व्होल्टवर तासन्‌तास उभी राहू शकते. ओल्या माणसाचा रोध हजार-दीड हजार ओहमपर्यंत उतरतो. त्याने एका हाताने गीझरचा नळ धरला आणि पाय ओल्या फरशीवर असले, तर अंगातून १२० ते १८० मिलिअँपिअर जातील.

हा आकडा किती मोठा, हे मोजणारी माणसं तोवर कामाला लागली होती. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डालझील यांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन प्रवाह हळूहळू वाढवला आणि मूठ कधी उघडता येईनाशी होते ते टिपलं. पुरुषांच्या बाबतीत सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर, बायकांच्या बाबतीत साडेदहाच्या आसपास. त्यापुढे स्नायू आवळले जातात आणि माणूस तार सोडूच शकत नाही. ऑस्ट्रियाचे गॉटफ्रीड बीगलमायर यांनी तर स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करून त्याचा रोध मोजला. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली. फ्यूज आणि एमसीबी तारांचं रक्षण करतात. माणसाला मारायला लागणारा प्रवाह त्यांच्या खिजगणतीत नसतो.

मग माणसासाठी वेगळं यंत्र हवं. ते आलं सोन्याच्या खाणींतून. दक्षिण आफ्रिकेत ओल्या, खोल खाणींमध्ये विजेचे अपघात ही मोठी डोकेदुखी होती. हेन्री रुबिन या अभियंत्याने १९५५ मध्ये २५० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारं यंत्र बनवलं आणि पुढच्याच वर्षी ते सुमारे १५ मिलिअँपिअरपर्यंत खाली आणलं. तत्त्व सोपं आहे. फेजने जितका प्रवाह गेला तितका न्यूट्रलने परत यायला हवा. दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून नेल्या की त्यांचे परिणाम एकमेकांना खोडतात. काही प्रवाह वाट सोडून टाकीतून, भिंतीतून किंवा माणसातून गेला की बेरीज जुळत नाही आणि स्विच पडतो. युरोपात बीगलमायर आणि अमेरिकेत डालझील यांनीही त्याच दिशेने यंत्रं घडवली. अमेरिकेच्या संहितेने १९६८ मध्ये ते पोहण्याच्या तलावातल्या दिव्यांसाठी आणि १९७५ मध्ये बाथरूममधल्या सॉकेटसाठी सक्तीचं केलं. आपल्याकडे ज्याला आरसीसीबी म्हणतात आणि जुने लोक अजूनही ईएलसीबी म्हणतात, ते हेच.

युरोपातल्या घराघरांत ते पोचायला वेळ होता. ११ मार्च १९७८ रोजी पॅरिसमध्ये क्लोद फ्रांस्वा हा फ्रान्सचा लाडका गायक आपल्या घरी अंघोळ करत होता. ‘माय वे’ हे इंग्रजी गाणं ज्या फ्रेंच गाण्यावर बेतलं, त्याच्या कर्त्यांपैकी हा एक. टबात उभं राहून त्याने भिंतीवरच्या वाकड्या झालेल्या दिव्याला हात घातला आणि तिथेच विजेच्या धक्क्याने गेला. वय ३९. त्याच्या मरणातला धडा साध्या अंतराचा होता: टबात उभ्या असलेल्या माणसाचा हात जिथवर पोचतो, तिथवर दिवा असताच कामा नये. पुढे नियमांनी बाथरूमचे असे पट्टेच आखले. टबाच्या आत शून्य, त्याच्या वर एक, बाजूला दोन. कुठल्या पट्ट्यात काय बसवायचं हे ठरलेलं. ब्रिटनमध्ये बाथरूममधला दिवा छताला टांगलेल्या दोरीने लावायची पद्धत आधीपासून होतीच, म्हणजे ओल्या हाताला दोरीशिवाय काही लागू नये.

पण हात दिव्यापासून लांब ठेवता आला तरी नळापासून ठेवता येत नाही. इथे १९८१ च्या पंधराव्या ब्रिटिश आवृत्तीने दुसऱ्या टोकाने विचार केला. सगळं जमिनीला बांधून १८० व्होल्ट उरतच असतील, तर बाथरूममधल्या सगळ्या धातूंना १८० व्होल्टवर एकत्र जाऊ द्या. गीझर, गरम पाण्याचा पाइप, गार पाण्याचा पाइप, रेडिएटर, लोखंडी टब, सगळे जाड तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडा. बिघाड झाला की सगळे एकदम वर जातील, पण त्यांच्यामध्ये फरक उरणार नाही. आणि फरक नसेल तर दोन्ही हातांनी दोन वस्तू धरलेल्या माणसातून प्रवाह वाहणार नाही. १८८२ च्या त्या ओळीतला विचार, एकाच खोलीतल्या दोन जागांमधला फरक, इथे पुरा झाला. हेच बाँडिंग. ब्रिटिश घरांत बेसिनखाली हिरवी-पिवळी तार आणि ‘ही जोडणी काढू नये’ अशी धातूची पट्टी दिसू लागली.

मग तिचाही अतिरेक झाला. वायरमन दिसेल त्या धातूला तार बांधू लागले, प्लास्टिकच्या पाइपवर एकट्या बसलेल्या तोटीलाही. अशी तोटी बांधण्याआधी कुठेच जोडलेली नव्हती, तिच्यापासून धोका नव्हता. बांधल्यावर मात्र दुसरीकडचा बिघाड तिच्यापर्यंत येण्याची सोय झाली. २००८ च्या सतराव्या आवृत्तीने मान्य केलं, की बाथरूमच्या सगळ्या सर्किटांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल, मुख्य बाँडिंग धड असेल आणि बिघाडात वीज नियमाच्या वेळेत तुटत असेल, तर बाथरूमपुरतं वेगळं बाँडिंग नाही केलं तरी चालेल. आपल्याकडेही २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत आणि त्यांच्या पुढच्या सुधारणांत घरगुती जोडणीसाठी हाच ३० मिलिअँपिअरचा आकडा स्थिरावला. अगदी छोट्या जोडण्यांना तेवढी सूट मिळाली.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. प्रत्येक नियम त्याच्या काळातल्या घरासाठी बरोबर होता आणि तो मोडला तो वीज बदलल्याने क्वचितच. बहुतेक वेळा पाइप बदलले, टाइल्स बदलल्या, टब गेला आणि काचेचं शॉवर क्युबिकल आलं. बाथरूमचं काम काढताना ठेकेदाराशी बोलणं टाइल्सच्या रंगावर आणि नळांच्या कंपनीवर होतं. खरा पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: या घराची अर्थ आज कुठून येते? मीटरपासून स्वतंत्र तार आलेली आहे की नळावर भागवलेलं आहे? का कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र मुरगाळून ठेवलेत? हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. कारण बाहेर कुठे न्यूट्रल तुटला, की दोष नसलेल्या गीझरचीही बॉडी थेट २३० व्होल्टवर जाते. उत्तर मिळेपर्यंत एकही लोखंडी पाइप कापू नये. पाइप लोखंडी राहणार असतील तर ते आणि गीझरची अर्थ जाड तारेने एकत्र बांधून घ्यावी. प्लास्टिकचे होणार असतील तर अर्थची तार बोर्डापासून गीझरच्या सॉकेटपर्यंत सलग ओढून घ्यावी, आणि टाइल्स लागायच्या आधी तिचा रोध मीटरने मोजून घ्यावा. टेस्टरचा दिवा फेज दाखवतो, अर्थची खात्री देत नाही.

राहिला आरसीसीबी. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते अधूनमधून दाबावं आणि दाबल्यावर स्विच पडला पाहिजे. मात्र ते बटण यंत्राच्या आतच कृत्रिम गळती तयार करतं. घराला अर्थ मुळीच नसली तरी ते दाबल्यावर स्विच तितक्याच झोकात पडेल. म्हणजे बटणाने यंत्र तपासलं जातं, अर्थ नाही. अर्थ नसलेल्या घरात गीझर बिघडला तर आरसीसीबी आधी पडत नाही; कुणीतरी नळ धरेपर्यंत थांबतो आणि त्या माणसातून गळती सुरू झाली की पडतो. बहुधा माणूस वाचतो, पण शॉक खाऊनच. अर्थ असेल तर बिघाडाच्या क्षणीच वीज जाते, बाथरूममध्ये कुणी नसतानासुद्धा. म्हणून नवं बाथरूम ताब्यात घेताना वायरमनकडून अर्थ आणि आरसीसीबी या दोन्हींचे आकडे वेगवेगळे मोजून, कागदावर लिहून घ्यावेत. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा टाइल्स फुटतील, तेव्हा भिंतीत काय होतं ते सांगणारं दुसरं काही उरलेलं नसेल.